खारा वारा, जुनी घरे आणि पोलादाची जोड

वसईच्या रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, सातिवली, वालीव आणि गोखिवरे या परिसरातील गाळ्यांतून लोखंडी नळ्या आणि तुळया कापल्या-जोडल्या जातात. आणि पश्चिमेस, समुद्रालगतच्या वाड्यावस्त्यांत, चुन्याच्या जाड भिंतींची व कौलारू छपरांची जुनी घरे अद्याप तग धरून आहेत. कुटुंब वाढले, खोली अपुरी पडू लागली, की पूर्वेचे पोलाद पश्चिमेच्या घराला जोडण्याचा विचार निघतो. आणि ही जोड कोणत्या रीतीने व्हावी, हा केवळ सौंदर्यरुचीचा नव्हे, तर रसायनशास्त्राचा, कायद्याचा आणि पूर्वजांविषयीच्या कर्तव्याचाही प्रश्न ठरतो.

समुद्रकाठी धातूची इमारत ही आजची कल्पना नव्हे. मुंबईच्या काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेल, जे पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखले गेले, त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून, जहाजाने आणून, १८६०च्या दशकाच्या अखेरीस येथे उभारण्यात आला. घरात उजेड घेण्याची युक्तीही जुनीच: गोव्यातील जुन्या घरांत काचेऐवजी पारभासी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटींत बसवून उजेड आत घेत. मात्र शिंपला प्रकाशास सौम्य करतो, तर साधी काच प्रकाशाबरोबर उष्णताही आत कोंडते.

खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड पोलादाला झपाट्याने गंजवते. गंज मूळ धातूहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि पोलाद भिंतीत पुरलेले असेल तर तो दगड-चुना आतून फोडून काढतो. म्हणून उघड्या भागांसाठी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस पोलाद ३०४ प्रतीपेक्षा श्रेयस्कर होय. साधे पोलाद वापरणे भाग असेल, तर जस्ताचा मुलामा वेल्डिंग आटोपल्यावर द्यावा, कारण नंतरच्या वेल्डिंगने तो जळून जातो.

चुन्याची भिंत ओल शोषते आणि उन्हात ती सोडते. तिच्यात तुळई खोचणे किंवा तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवणे म्हणजे तिच्या या स्वभावासच बाध आणणे. नव्या भागाने स्वतःच्याच पायावर उभे राहावे, दोहोंमधील फट काचेने सांधावी, तेथे पावसाचे पाणी न साचण्याची तजवीज करावी. काच लॅमिनेटेड असावी, म्हणजे तडकली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. आणि पश्चिमेच्या उन्हावर पडवीची छाया धरावी.

दस्तऐवजांचीही शहानिशा आधी हवी. वसईच्या किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांत, स्मारक-संरक्षण कायद्यातील २०१०च्या सुधारणेन्वये, नवे बांधकाम निषिद्ध असून पुढील २०० मीटरांत परवाना आवश्यक आहे. किनाऱ्यालगत सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध निराळे. वास्तुवारशाच्या जतनाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेने अपरिहार्य भर ही मूळ रचनेपासून वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर आपल्या काळाची मुद्रा असावी, असे तत्त्व सांगितले. पोलाद आणि काच ते तत्त्व प्रामाणिकपणे पाळू शकतात. मात्र त्यांची खरी कसोटी ही, की उद्या नवा भाग काढून घेतला, तरी जुन्या घराची एकही भिंत दुखावलेली नसावी.