ऑफिस सुटल्यावरचा उजेड आणि खिशातला कॅमेरा

डिसेंबरात चंडीगडला सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. किशनगडला लागून असलेल्या आयटी पार्कमधून माणसं बाहेर पडतात तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि थंडी जाकिटात शिरायला लागलेली असते. पुणे, नागपूर, नाशिककडून इथे नोकरीला आलेल्या मुलांना पहिल्याच हिवाळ्यात छोट्या कॅमेऱ्याची ओढ लागते. सुखना तलाव जवळ, रॉक गार्डन जवळ, सुट्टीला कालका-शिमल्याची छोटी गाडी. शिवाय घरी आईबाबांना दाखवायचं असतं, आपण कुठे राहतो ते. मग कुणीतरी मोबाइलवर जाहिरात उघडून माझ्यासमोर धरतं, "दादा, वीस मेगापिक्सल आहे, चाळीस पट झूम आहे. घेऊन टाकू ना?"

या दोन आकड्यांवर कॅमेरा निवडला की पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी. मी स्वतः इथे आलो तेव्हा असाच झूमवाला कॅमेरा घेतला होता. पहिल्या हिवाळ्यातले संध्याकाळचे जवळजवळ सगळे फोटो अस्पष्ट निघाले. ते दिवस परत येणार नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

गैरसमज : मेगापिक्सल जास्त, तर फोटो चांगला.

एकाच कंपनीचे दोन कॅमेरे शेजारी ठेवून पाहू. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस २०.३ मेगापिक्सलचा, वजन २९९ ग्रॅम. त्याच कंपनीचा जी७ एक्स मार्क ३ हा २०.१ मेगापिक्सलचा, वजन ३०४ ग्रॅम. दोन्ही खिशात मावतात. मेगापिक्सल पाहून निवडायचं तर नाणं उडवावं लागेल. पण आत प्रकाश झेलणारा जो सेन्सर असतो, तो पहिल्यात सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा आहे आणि दुसऱ्यात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ मोजलं तर पहिला २८ चौरस मिलिमीटर, दुसरा ११६. म्हणजे चौपट.

आता लेन्सचं तोंड. झूम न करता पहिल्याचं छिद्र एफ/३.३ पर्यंत उघडतं, दुसऱ्याचं एफ/१.८ पर्यंत. हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं, आणि प्रकाशाचा हिशेब आकड्याच्या वर्गाने होतो. तो साडेतीन पटींच्या जरा खाली येतो. सेन्सरची चौपट आणि ही वाढ एकत्र धरली, तर तेवढ्याच वेळात दुसरा कॅमेरा सुमारे चौदा पट प्रकाश गोळा करतो. पाऊस तोच असला तरी अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर फरक पडणारच. भर दुपारी हा फरक फारसा जाणवत नाही, कारण वाटीही भरून वाहते. संध्याकाळी सहाला मात्र वाटीचा तळही ओला होत नाही. मग कॅमेरा मिळालेला तोकडा संकेत वाढवून दाखवतो आणि फोटोत वाळू सांडल्यासारखे ठिपके उमटतात.

मग मेगापिक्सल लागतात तरी किती? ए-फोर आकाराचा उत्तम छापील फोटो काढायला पावणेनऊ पुरतात. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा ८.३ मेगापिक्सलमध्ये भरतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान बारकाईने छापायचं तरी वीस पुरे होतात. म्हणजे आज दुकानात दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक छोट्या कॅमेऱ्यात गरजेपुरते मेगापिक्सल आहेतच. जाहिरातीतला तो आकडा वाचायचा आणि पुढे जायचं.

सेन्सरच्या नावातही एक फसगत आहे. 'एक इंची' म्हणून विकला जाणारा सेन्सर कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. त्याचा कर्ण सोळा मिलिमीटरच्या आसपास असतो. १९५० च्या दशकातल्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत आणि त्यांची ओळख नळीच्या बाहेरच्या व्यासावरून होई. नळ्या गेल्या, मोजमापाची ती रीत राहिली. म्हणून माहितीपत्रकात मिलिमीटर शोधा.

गैरसमज : चाळीस पट झूम म्हणजे चाळीस पट कामाचा.

पट हे फक्त गुणोत्तर आहे. लेन्सचा मिलिमीटरांतला आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. २४ मिलिमीटरपासून सुरू होणारी लेन्स ९६० पर्यंत गेली की चाळीस पट होते. पण इतक्या लांब गेल्यावर त्याच एसएक्स७४० चं छिद्र एफ/६.९ वर येतं, म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. हात किंचित हलला की चित्र पडद्याबाहेर.

तरी या कॅमेऱ्याला सरसकट नावं ठेवू नयेत. १९५८ मध्ये सुखना चो या ओढ्याला बांध घालून तयार केलेल्या तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. आपण ज्याला वारकरी म्हणतो तो काळा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षीही त्यांत असतो. तो काठापासून दूर पोहत असेल तर शंभर मिलिमीटरच्या लेन्समध्ये काळा ठिपका दिसेल. रविवारी सकाळी अकराचं ऊन असेल, तर इथे लांब झूमवाला स्वस्त कॅमेरा त्या महागड्या मोठ्या सेन्सरवाल्याला सहज मागे टाकतो.

दोन्ही एकत्र का मिळत नाहीत, हे मुलं नेहमी विचारतात. मिळतात, पण खिशात मावत नाहीत. सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ मध्ये एक इंची सेन्सर आहे, ६०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स आहे आणि वजन आहे जवळजवळ अकराशे ग्रॅम. निकॉनचा कूलपिक्स पी१००० तर ३००० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो, पण सेन्सर छोटाच, आणि वजन १४१५ ग्रॅम. मोठ्या सेन्सरवर लांबचं चित्र पाडायला काचही मोठी लागते. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हा ३०२ ग्रॅममध्ये २०० मिलिमीटरपर्यंत नेतो. माझ्या मते खिशातली तडजोड इथवरच ताणावी.

डिजिटल झूमचं तर नावच सोडा. तो आहे त्याच चित्राची कड कापून मधला भाग मोठा करतो. वीस मेगापिक्सलचा फोटो दुप्पट डिजिटल झूमने काढला की हाती पाचच उरतात.

गैरसमज : लेन्सवर एफ/१.८ आहे, म्हणजे अंधारात चालेल.

लेन्सच्या कडेवर दोन आकडे असतात आणि लोक पहिलाच वाचतात. २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या आरएक्स१०० वर १.८-४.९ लिहिलेलं आहे, जी७ एक्स मार्क ३ वर १.८-२.८. सेन्सर दोघांचा एकाच आकाराचा, झूमही शंभर मिलिमीटरपर्यंतच. पण पूर्ण झूम केल्यावर दुसऱ्यात तिप्पट प्रकाश येतो. गणपतीच्या आरतीत मूर्तीच्या चेहऱ्यावर झूम कराल तेव्हा हा दुसरा आकडाच उपयोगी पडणार.

गैरसमज : फोन कितीही चांगला असला तरी कॅमेरा तो कॅमेराच.

हे आता खरं राहिलेलं नाही. महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सर आज १/१.३ इंचाच्या आसपास असतो. एसएक्स७४० सारख्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या तो जवळजवळ अडीच पट आहे. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो काढून जुळवतो. तेव्हा तुमच्याकडे असा फोन असेल आणि झूमची गरज नसेल, तर छोट्या सेन्सरचा कॅमेरा घेऊ नका. बाजारानेही हाच कौल दिला आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये ७७ लाख, आणि त्यांत लेन्स न बदलता येणारे जेमतेम १७ लाख.

उलट टोकाला, मोठा सेन्सर म्हणजे प्रत्येकासाठी उत्तम, असंही नाही. रिको जीआर ३ आणि फुजीफिल्म एक्स१००-६ यांतले सेन्सर एक इंचीच्या तिप्पट आहेत आणि चित्रं सुंदर येतात. पण दोघांनाही ऑप्टिकल झूम नाही आणि जीआर ३ मध्ये फ्लॅशही नाही. नेकचंद यांनी १९५७ पासून गुपचूप उभ्या केलेल्या रॉक गार्डनच्या अरुंद बोळांत मागे सरकायला जागा नसते. तिथे एक्स१००-६ ची ३५ मिलिमीटरच्या दृष्टीची लेन्स मला अपुरी वाटते, २४ ची हवीशी वाटते. कॅपिटॉल कॉम्प्लेक्सच्या मोकळ्या पटांगणात मात्र पाय हेच झूम.

स्थिरीकरणाबद्दल एकच सांगतो. ते तुमच्या हाताचं कंपन सावरतं, धावणाऱ्या मुलाला थांबवत नाही. त्याला पकडायला शटर जलद हवं, आणि जलद शटरला पुन्हा प्रकाशच हवा.

हल्ली जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांची हौस आली आहे. सीसीडीचे रंग खरे, असं म्हणतात. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांमुळे आणि कॅमेऱ्यातल्या प्रक्रियेमुळे. सीसीडी किंवा सीमॉस ही नावं प्रकाशाचा संकेत वाचण्याच्या पद्धतीची आहेत. जुन्या फोटोंचा तो पोत आवडत असेल तर जरूर घ्या. मात्र बॅटरी मिळते का आणि कार्ड कोणतं लागतं, हे आधी पाहा. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं आणि त्याचं उत्पादन कधीच थांबलं आहे.

नवा घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी हातात असू द्या, मग दुकान इथल्या सेक्टर १७ चं असो की मुंबईच्या बोरा बाजारातलं. बॅटरीही एक जादा घ्या. या छोट्या कॅमेऱ्यांची एक बॅटरी दोनशे-अडीचशे फोटोंत संपते, आणि थंडीत त्याहून लवकर.

एवढी विनंती मान्य कराल का? दुकानात दुपारी जाऊ नका, दिवे लागल्यावर जा. स्वतःचं कार्ड सोबत न्या. दारात उभं राहून रस्त्यावरच्या माणसांचे चार फोटो काढा, दोन झूम न करता, दोन पूर्ण झूमवर. ते घरी मोठ्या पडद्यावर पाहा आणि मगच पैसे द्या.