पूर्व तिमोर : एका आक्रमणाची कारणे आणि परिणाम

सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पूर्व तिमोरची राजधानी डिलीजवळ तासितोलू येथे मिस्साबलिदान अर्पण केले. सुमारे सहा लाख भाविक, म्हणजे देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या, त्या मैदानावर लोटली होती. इंडोनेशियाच्या ताब्याच्या काळात ठार केलेल्यांची प्रेते जिथे टाकली जात, तीच ही जागा. त्या आक्रमणाचा इतिहास आपण समजून घ्यायला हवा.

तिमोर ही पोर्तुगालची वसाहत. १८४४ पर्यंत तिचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि पोर्तुगालने वसाहतींवरील हक्क सोडण्यास सुरुवात केली. ऑगस्ट १९७५ मध्ये तिमोरमधील पक्षांत यादवी पेटली. तीत फ्रेतिलीन हा डावा पक्ष विजयी झाला व २८ नोव्हेंबर रोजी त्याने स्वातंत्र्य घोषित केले. अवघ्या नऊ दिवसांनी, ७ डिसेंबर १९७५ रोजी, इंडोनेशियाचे सैन्य डिलीत उतरले.

या आक्रमणामागे एकच कारण नव्हते. आपल्या दाराशी साम्यवादी राज्य उभे राहील, अशी भीती सुहार्तो यांच्या लष्करी राजवटीला वाटत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सायगाव पडले होते. हजारो बेटांच्या देशात एका छोट्या स्वतंत्र राज्याचे उदाहरण इतर प्रांतांना फुटीची वाट दाखवील, हीही धास्ती होती. परंतु भीतीला कृतीचे बळ मिळाले ते इतरांच्या संमतीमुळे. आक्रमणाच्या आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड व परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तात सुहार्तो यांना भेटले होते. या कारवाईस आपला अडथळा नसेल, असे त्यांनी सूचित केल्याचे नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. संयुक्त राष्ट्रांनी सैन्य मागे घेण्यास सांगितले. मात्र आमसभेत त्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या मोजक्या देशांत भारतही होता, याची नोंद आपण प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. पुढे ऑस्ट्रेलियाने तर हे विलीनीकरण मान्य करून तिमोर समुद्रातील तेलाबाबत १९८९ साली इंडोनेशियाशी करार केला.

परिणाम भयंकर झाले. सत्यशोधन आयोगाच्या २००५ च्या अहवालानुसार १९७४ ते १९९९ या काळात किमान १,०२,८०० माणसे संघर्षामुळे दगावली. त्यांपैकी सुमारे १८,६०० जण ठार वा बेपत्ता झाले. उरलेले सुमारे ८४,२०० उपासमार व आजारांनी गेले. आक्रमणाचे बहुसंख्य बळी गोळीने नव्हे, तर हिरावल्या गेलेल्या शेतांमुळे आणि लादलेल्या स्थलांतरामुळे पडतात, हे यातून ध्यानी येते.

ख्रिस्तसभेचे स्थानही बदलले. पोर्तुगीज काळात ती सत्ताधाऱ्यांच्या निकट होती व १९७५ साली तिमोरमध्ये कॅथलिक अल्पसंख्य होते. इंडोनेशियाच्या राजवटीत चर्च हेच जनतेचे आश्रयस्थान उरले; उपासनेत लोकांची तेतुम भाषा आली. डिली धर्मप्रांत थेट व्हॅटिकनच्या अखत्यारीत राहिला, कारण विलीनीकरणास रोमने मान्यता दिली नाही. आज तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक कॅथलिक आहेत.

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी, मारल्या गेलेल्या एका तरुणासाठी मिस्सा झाल्यावर सांताक्रूझ दफनभूमीकडे निघालेल्या जमावावर सैन्याने गोळीबार केला. त्याचे चित्रीकरण जगापुढे आले आणि मौन सुटू लागले. १९९६ साली बिशप बेलो व होझे रामोस-होर्ता यांना शांततेचे नोबेल मिळाले. पुढे बाललैंगिक शोषणाच्या आरोपांवरून व्हॅटिकनने २०२० साली बेलो यांच्यावर निर्बंध घातले. हे वेदनादायी सत्यही झाकता कामा नये.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याचा पर्याय निवडला. सूड म्हणून सैन्यसमर्थक टोळ्यांनी देश जाळला. अखेर आंतरराष्ट्रीय सैन्य आले आणि २० मे २००२ रोजी तिमोर स्वतंत्र झाला. गुन्ह्यांचा न्याय मात्र अपुराच राहिला. तरीही दोन्ही देशांनी संयुक्त आयोग नेमून मैत्रीचा मार्ग धरला.

बलवानाने शेजाऱ्याचे घर घेतले, तेव्हा इतरांनी आपापले हित पाहून नजर वळवली. त्याची किंमत चोवीस वर्षे दुर्बलांनी मोजली. आज जगात कोठेही सीमा ओलांडल्याची वार्ता ऐकू येते, तेव्हा आपण प्रार्थनेबरोबरच एक प्रश्नही मनाशी ठेवू या : आपले मौन कोणाच्या बाजूचे आहे?