दिवाळीत मोडणारा निश्चय

महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा शिकवण्या घेऊन, सुटीत एखाद्या दुकानाचा हिशेब लिहून थोडे पैसे जमवतो. त्याला गिअरची सायकल घ्यायची असते. कामासाठी नव्हे, कामाला घरची जुनी सायकल आहेच. ही हवी ती रविवारी मित्रांबरोबर घाट चढण्यासाठी. किंमत अठरा हजार रुपये धरू. जुलैत तो ठरवतो, की सायकल यंदा नको. मार्चमध्ये एका प्रशिक्षणक्रमाचे शुल्क भरायचे आहे, पैसे त्यासाठी राखावेत आणि सायकलीचे पुढच्या वर्षी पाहावे. त्या क्षणी निश्चय अगदी प्रामाणिक असतो. मग दिवाळी येते, दुकानावर सवलतीची पाटी लागते, दोन मित्र सायकली घेतात आणि हाही घेतो. जानेवारीत तोच मुलगा हळहळत असतो.

घरचे म्हणतात, मनाचा निग्रह नाही. शिक्षकांच्या खोलीतही आपण असेच काहीसे म्हणतो. पण 'निग्रह नाही' हे स्पष्टीकरण नव्हे. जे घडले त्यालाच दिलेले ते दुसरे नाव आहे. जुलैत आणि नोव्हेंबरात सायकल तीच होती, शुल्क तेच होते, मुलालाही दोन्हींची पूर्ण माहिती होती. बदलले होते ते फक्त दोन्ही गोष्टींपासूनचे काळाचे अंतर. तेव्हा या अंतराने नेमके काय होते, हे पाहायला हवे.

पुढे मिळणारी वस्तू आज आपल्याला थोडी कमी मोलाची वाटते, हे सर्वमान्य आहे. हे मोल कोणत्या नियमाने घटते? १९३७ साली पॉल सॅम्युएल्सन यांनी एक साधे गृहीत मांडले: दर महिन्याला, किंवा दर वर्षाला, ते ठरावीक प्रमाणात घटते. किरणोत्सारी पदार्थाचा क्षय शिकवताना आपण जो घातांकीय वक्र काढतो, तोच हा वक्र. समजा, सायकलीचे समाधान ५० गुणांचे आणि शुल्क भरता आल्याचे १०० गुणांचे आहे, आणि मोल महिन्याला दहा टक्क्यांनी घटते. नोव्हेंबरात सायकल समोर आहे, म्हणून तिचे ५० गुण. शुल्क चार महिने दूर, म्हणून त्याचे सुमारे ६६. जुलैत सायकल चार महिने दूर, तिचे ३३. शुल्क आठ महिने दूर, त्याचे ४३. दोन्ही वेळी शुल्कच वरचढ ठरते. एकाच किरणोत्सारी समस्थानिकाचे दोन नमुने घेतले तर जो आज मोठा तो कायम मोठाच राहतो, तसेच हे आहे. असा माणूस जुलैत जे ठरवील तेच दिवाळीत करील. उधळ्या असेल तर दोन्ही वेळी उधळ्या. निश्चय करून मग तो मोडणे, ही गोष्ट या गणितात बसतच नाही.

गंमत अशी की हे गृहीत डळमळीत करण्यात मोठा वाटा कबुतरांचा आहे. १९७२ साली हॉवर्ड राखलिन आणि लिओनार्ड ग्रीन यांनी भुकेल्या कबुतरांपुढे दोन कळा ठेवल्या. एकीवर चोच मारली की लगेच २ सेकंद दाणे खायला मिळत. दुसरीवर मारली की ४ सेकंद थांबावे लागे, पण मग ४ सेकंद खाता येई. कबुतरांनी न चुकता पहिली कळ पसंत केली. मग हीच निवड काही सेकंद आधी करायला लावली, म्हणजे दाणे दोन्ही पर्यायांत दूर गेले. आता कबुतरांचा कौल फिरला. ती मोठ्या, उशिराच्या घासाकडे वळली. जुलै आणि दिवाळीच हे, फक्त सेकंदांच्या मापात.

या निरीक्षणांना बसेल असे सूत्र जेम्स मेझर यांनी १९८७ साली दिले. मूळ मोलाला (१ + क × काळ) ने भागायचे. येथे 'क' हा ज्याच्या त्याच्या उतावीळपणाचा अंक. हा वक्र घातांकीय नसून अपास्त आहे. आपल्या उदाहरणात क = ०.५ घेऊ आणि काळ महिन्यांत मोजू. जुलैत सायकलीचे ५० भागिले ३, म्हणजे १६.७; शुल्काचे १०० भागिले ५, म्हणजे २०. शुल्क वरचढ. सप्टेंबरात सायकल दोन महिने दूर, शुल्क सहा. दोन्हींचे मोल २५, बरोबरी. नोव्हेंबरात सायकलीचे पूर्ण ५०, शुल्काचे १०० भागिले ३, म्हणजे ३३.३. सायकल जिंकली! दोन्ही वक्र एका आलेखावर काढले की ते सप्टेंबरात एकमेकांना छेदताना दिसतात. नववी-दहावीच्या मुलांना हा आलेख सहज काढता येईल.

सूत्राची आकृती डोळ्यांना आधीच ओळखीची आहे. दूरच्या डोंगरावरून गावाकडे पाहिले तर पाण्याची उंच टाकी घरांच्या वर दिसते. पण आपण एखाद्या घराच्या भिंतीशी जाऊन उभे राहिलो, की बैठे घर टाकीला पूर्ण झाकून टाकते. वस्तूची दिसणारी उंची साधारणतः उंची भागिले अंतर या प्रमाणात असते. म्हणजे येथेही भागाकार, आणि येथेही जवळ जाताच वाढ एकदम होते. फरक एवढाच, की टाकी लहान झाली असे कोणी समजत नाही, कारण दृष्टिभ्रम दुरुस्त करायला आपण बालपणीच शिकलेलो असतो. काळाच्या अंतराबाबत तशी दुरुस्ती आपोआप होत नाही.

माणसांतही हे दिसते. रिचर्ड थेलर यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत विचारले होते, की आज १५ डॉलर मिळण्याऐवजी उशिरा मिळाले तर किती हवेत? मधली उत्तरे अशी: महिन्याने २०, वर्षाने ५०, दहा वर्षांनी १००. अखंड चक्रवाढ धरून याचे वार्षिक दर काढले तर ते अनुक्रमे ३४५, १२० आणि १९ टक्के येतात. दर ठरावीक नाही. नजीकच्या काळात तो प्रचंड आहे आणि दूरच्या काळात बराच माफक.

दुकानदाराला हे सूत्र ठाऊक नसेल, पण हा वक्र त्याला तोंडपाठ असतो. हप्त्यांची सोय म्हणजे सुखाचे अंतर शून्यावर आणणे आणि किंमत पुढच्या बारा महिन्यांत पसरून देणे. अठरा हजारांवर 'फक्त १२ टक्के' सरळ व्याज सांगितले जाते, म्हणजे २१६० रुपये. हप्ता १६८० रुपयांचा. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे दुकानाचे सतराशेही रुपये उरलेले नसतात, तरी व्याज मात्र पूर्ण अठरा हजारांवर वर्षभराचे लावलेले असते. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हे उदाहरण व्याजाच्या धड्यात घालण्याजोगे आहे.

मग उपाय काय? 'मन घट्ट कर' हा उपदेश दिवाळीत केला तर फारसा उपयोगी नाही, कारण तेव्हा वक्र छेदून गेलेले असतात. जे करायचे ते जुलैत, मोठी गोष्ट मोठी दिसत असतानाच करायला हवे. जॉर्ज एन्सली यांच्या १९७४ च्या प्रयोगात दहा कबुतरे होती. त्यांच्यापुढे मोहाची कळ येण्याआधी आणखी एक वेगळ्या रंगाची कळ ठेवली. तिच्यावर चोच मारली की मोहाची कळ पुढे येतच नसे. दहांपैकी तीन कबुतरे ही कळ नेमाने वापरायला शिकली. पुढे तिचा असा उपयोग होईनासा केला, तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. तीन हा आकडा लहान वाटेल. आम्हांला तो थक्क करणारा वाटतो. स्वतःच्या उद्याच्या वागण्याची आज तजवीज करण्यासाठी कबुतराला कोणता निग्रह लागला असेल?

आपल्याकडचा मातीचा गल्ला हीच कळ आहे. त्याला पैसे टाकायला फट असते, काढायला तोंड नसते. फोडावा लागतो, आणि फोडलेला लपत नाही. भिशीतही हेच तत्त्व चालते, कारण महिन्याचा हप्ता चुकला तर चारचौघांत खाली पाहावे लागते. (भिशी चालवणारा पैसे घेऊन पसार झाला तर दाद मागणे कठीण, हेही मुलांना सांगावे.) फिलिपिन्समध्ये मिंडानाओ बेटावरील एका ग्रामीण बँकेत नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी याची रीतसर परीक्षा घेतली, निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ७१० ग्राहकांना असे खाते देऊ केले, ज्यातून ग्राहकाने स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढता येत नसत. व्याज साध्या खात्याइतकेच. म्हणजे ग्राहकाला मिळत होते ते केवळ बंधन. तरीही २०२ जणांनी ते घेतले. वर्षानंतर, खाते न घेणारे धरूनही, या गटाच्या शिलकीतील वाढ तुलनेच्या गटापेक्षा ८१ टक्के-बिंदूंनी जास्त होती. काहींनी कुलपाची पेटीही घेतली होती आणि तिची किल्ली बँकेकडे राही!

आपल्या मुलासाठी टपाल कार्यालयाचे आवर्ती ठेव खाते सोयीचे नाही. त्यात दरमहा शंभर रुपयांपासून भरता येते, पण मुदत पाच वर्षांची आणि तीन वर्षांपूर्वी ते बंद करता येत नाही. बँकेतील कमी मुदतीची ठेव त्याला जुळेल, पण ती मोडणे फार सोपे असते. त्यापेक्षा शुल्काचा काही भाग आधी भरून घेतात का, हे त्याने जुलैतच विचारावे.

येथवर सारे प्रश्न वक्राचे होते. पण एक प्रश्न वक्राच्या बाहेरचा आहे आणि शिक्षकांच्या दृष्टीने आम्हांला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थांबल्यावर मोठे फळ खरोखर मिळेल कशावरून?

वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डच्या बालशाळेतील प्रयोग अनेकांनी वाचला असेल. मुलापुढे एक गोड गोळी ठेवायची. मोठे माणूस परत येईपर्यंत ती खाल्ली नाही तर दोन मिळणार. जी मुले जास्त थांबली ती पुढे अभ्यासातही सरस ठरली, असे १९९० च्या निबंधात आले आणि 'संयमी मूल यशस्वी होते' हे वाक्य जगभर गेले. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबणे आणि पुढील प्रगती यांतील संबंध मूळच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक वाढ हिशेबात घेतल्यावर त्यातलाही सुमारे दोन-तृतीयांश विरून गेला.

त्याआधी, २०१३ साली, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अठ्ठावीस मुलांवर एक छोटा प्रयोग केला होता. गोळी ठेवण्याआधी मुलांना चित्र काढायला बसवले आणि सांगितले, जरा थांबा, अधिक चांगले खडू आणते. चौदा मुलांना ते खरेच मिळाले. उरलेल्या चौदांना 'संपले, माफ करा' एवढेच ऐकायला मिळाले. मग गोळी ठेवली. वचन पाळले गेलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. फसवली गेलेली तीन मिनिटे. पंधरा मिनिटे पूर्ण थांबणारी पहिल्या गटात नऊ होती, दुसऱ्यात एक.

ज्या घरात मुलाचा गल्ला दर आजारपणात, दर उसनवारीत फुटतो, तेथे आलेला रुपया लगेच वस्तूत घालणे हा अविचार नसतो. पैसे संपतात, सायकल निदान दाराशी उभी राहते आणि अडचणीत विकताही येते. अशा मुलाचा 'क' मोठा आहे असे म्हणण्याआधी त्याला दिलेली किती वचने पाळली गेली, हे पाहायला हवे. ज्यांनी शाळेत संचयिका चालवली आहे त्यांना हे उमजेल. मुले पहिले काही आठवडे दोन-दोन रुपये आणतात आणि मग एक दिवस 'मला परत हवेत' म्हणून येतात. त्यांना खर्च करायचा नसतो, पैसे निघतात का ते पाहायचे असते. त्या दिवशी पैसे बिनतक्रार द्यावेत.

थेलर यांचा प्रश्न वर्गात विचारून पाहता येईल. आज १०० रुपयांऐवजी महिन्याने किती, वर्षाने किती? उत्तरे फळ्यावर लिहून मुलांकडूनच दर काढून घ्यावेत. चिठ्ठ्यांवर नावे मात्र घालू नयेत. एका मुलाने वर्षानंतरचे दहा हजार मागितले तर वर्ग हसेल. पण त्याच्या घरी वर्षाने काय उरते, हे आपल्याला ठाऊक नसते.