किरणोपचार सुरू असताना काढा घ्यावा का?

कोल्हापूर : फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले, की अनेक घरांत दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. रुग्णालयात किरणोपचारांची, म्हणजे रुग्णांच्या बोलीत 'शेक' घेण्याची, तारीख ठरते. आणि नात्यातले कोणीतरी गुळवेलीचा काढा किंवा हळदीच्या कॅप्सूल आणून देते. डॉक्टर रागावतील, या भीतीने ही दुसरी गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. खरा धोका या लपवाछपवीत आहे.

किरणांचे काम

शस्त्रक्रिया शक्य नसलेला, पण छातीपुरताच मर्यादित असलेला कर्करोग असेल, तर सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे किरण दिले जातात. एकूण ६० ग्रे मात्रा ३० भागांत विभागलेली असते. किरणांमुळे पेशीतील पाण्यापासून अतिक्रियाशील कण तयार होतात व ते पेशीच्या डीएनएवर आघात करतात. कर्करोगाची पेशी मरते ती यामुळेच. हळदीतील कुरकुमिनसारखी अँटीऑक्सिडंट द्रव्ये नेमके हेच कण निष्प्रभ करतात. मोठ्या मात्रेत ती घेतल्यास निरोगी पेशींबरोबर रोगट पेशींनाही कवच मिळेल, अशी शंका त्यामुळेच घेतली जाते.

ही शंका निराधार नाही. डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर कॅनडात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचारांच्या काळात ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन एकत्र घेणाऱ्यांचा त्रास कमी झाला. मात्र पूरक गोळ्या घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा कल वाढता दिसला. आमटीतल्या चिमूटभर हळदीला हे लागू होत नाही. प्रश्न आहे तो मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा.

चीनचा अनुभव

चीनमध्ये किरणोपचारांसोबत पारंपरिक वनौषधी देण्याची पद्धत रूढ आहे. फुफ्फुसाचा दाह कमी होतो, भूक व शक्ती टिकते, असे तेथील अनेक अभ्यासांत नोंदले आहे. तथापि यांतील बहुतेक अभ्यास लहान आहेत, प्रत्येकात काढ्याचे घटक निराळे आहेत आणि कोणाला औषध मिळाले हे रुग्णाला व डॉक्टरला आधीच ठाऊक होते. त्यामुळे आशा वाटावी, पण विसंबून राहू नये, एवढेच त्यांवरून म्हणता येते.

नरक्याचा धडा

वनस्पतींत औषध नसते, असे मुळीच नाही. नंदुरबार येथे जन्मलेले शास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे अमेरिकी सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्यातही सापडते आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. परंतु मूळ द्रव्य रुग्णांना दिले तेव्हा मूत्राशय व अस्थिमज्जेवर घातक परिणाम झाल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्यात बदल करून टोपोटेकान बनले आणि १९९८ मध्ये फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी अमेरिकेत ते मान्य झाले. याच जोडीने शोधलेले पॅक्लिटॅक्सेल आज किरणोपचारांच्या बरोबरीने दिले जाते. झाडाची साल आणि सलाइनमधील औषध यांच्यामध्ये तीन दशकांची पारख उभी आहे.

काय करावे?

काढा, चूर्ण, भस्म, कॅप्सूल जे काही सुरू असेल, ते पुडीसह किरणोपचार तज्ज्ञांना दाखवावे. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणून पुडीवर निर्मात्याचे नाव व घटक नसल्यास ती घेऊच नये. वैद्यांनाही किरणोपचारांची व केमोथेरपीची कागदपत्रे दाखवावीत. खोकला, धाप, ताप वा गिळताना वेदना सुरू झाल्यास घरगुती उपायांत दिवस न दवडता रुग्णालय गाठावे. फुफ्फुसाचा दाह उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. आणि काढ्यासाठी 'शेका'चा एकही दिवस चुकवू नये. मध्ये खंड पडला, तर रोगाला सावरायला सवड मिळते.