समुद्र नाही? मग नदीवर या!

मे महिना उजाडला की ऑफिसच्या कँटीनमध्ये एकच विषय, 'यंदा कुठे?' कुणी दापोली म्हणतं, कुणी गणपतीपुळे, कुणी थेट गोवा. सकाळी उठायचं, चप्पल हातात घ्यायची आणि ओल्या वाळूवरून मस्त चालत सुटायचं, हा त्यामागचा फंडा.

आता यात सातारा-सांगलीच्या मंडळींची गोची होते. नोकरी पुण्या-मुंबईत, आई-बाबा गावी आणि हातात सुट्टीचे जेमतेम चार दिवस. बीचवर जावं तर घरचे रुसतात, घरी जावं तर बीच हुकतो. पण घरापासून दहा मिनिटांवर तुमची हक्काची चौपाटी आहे, हे कुणी सांगितलंय का तुम्हाला? तिचं नाव कृष्णा!

समुद्राकडे पाठ फिरवलेली नदी

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र अवघा ६४ किलोमीटरवर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालत थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. मॉर्निंग वॉकची ब्रँड अॅम्बॅसॅडरच म्हणा ना! या लांबच्या वॉकमधले पहिले टप्पे म्हणजे वाई, माहुली, कऱ्हाड आणि सांगली.

उन्हाळ्यात पात्र आटतं आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या घाटाच्या खालच्या पायऱ्या वर येतात. सूर्योदयाच्या जरा आधीची वेळ दिवसातली सगळ्यात गार. दगड थंड, हवा थंड आणि मोबाइल गप्प. अजून काय पाहिजे?

माहुली : राजा आणि त्याचा खंड्या

साताऱ्याची पोरं पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळतात. ते झकासच, पण एक सकाळ संगम माहुलीला द्या. शहरापासून जेमतेम पाच किलोमीटर. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. काठावर काळ्या दगडातली विश्वेश्वराची आणि रामेश्वराची देवळं आहेत, समोरासमोर. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

आणि इथेच छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने भुंकून महाराजांना वाघापासून सावध केलं, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. घरी कुत्रा असेल तर त्याला ही गोष्ट ऐकवू नका, डोक्यावर बसेल!

कऱ्हाड : समोरासमोरची भेट

नद्या सहसा तिरक्या येऊन मिळतात. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर मात्र कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येतात आणि मग काटकोनात वळून एकत्र पुढे निघतात. दोघी एकाच महाबळेश्वरच्या लेकी. यशवंतराव चव्हाणांची समाधीही इथेच आहे. सकाळी इथे चालणाऱ्यांत आजोबा लोक जास्त. त्यांच्या स्पीडला कमी लेखू नका!

गंमत म्हणजे कोयनेच्या धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. म्हणजे एक बहीण पूर्वेला निघाली आणि दुसरी अर्धी पश्चिमेला. उरलेलं पाणी जेव्हा नदीत सोडतात, तेव्हाच उन्हाळ्यात सांगलीची कृष्णा वाहती राहते.

सांगली : पूल, घाट आणि चिंचेची सावली

सांगलीकरांचा वॉक सुरू करा आयर्विन पुलावरून. १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झालेला हा पूल म्हणजे अख्ख्या शहराची फूटपट्टी. पावसाळ्यात सगळी सांगली एकच प्रश्न विचारते, 'आयर्विनला किती फूट?' ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मे महिन्यात पुलावरून खाली बघा आणि तेवढं पाणी मनात उभं करून पाहा. पोटात गोळा येतो!

तिथून गणपती मंदिर आणि मग हरिपूरचा रस्ता. चार-एक किलोमीटर, वाटेत चिंचेची जुनी झाडं. शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. 'शारदा' नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. हळद साठवायची जमिनीखालची पेवं हीसुद्धा हरिपूरची खासियत. त्यांतली बरीचशी २००५ च्या महापुरात खराब झाली.

काठावरचे जुने रहिवासी

आता जरा सिरियस. या चौपाटीवर मगरी आहेत. खऱ्याखुऱ्या! औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत त्या पूर्वीपासून राहतात. उन्हाळ्यात मादी काठाच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येतात. नेमक्या याच दिवसांत माणसंही पोहायला, धुणं धुवायला पाण्यात उतरतात. त्यातून हल्ले झालेत, जीवही गेलेत. मग मगरीला दोष द्यायचा? ज्या काठावरची वाळू आपण उपसून नेली, तिथे तिचं घर होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण दिलंय.

मगरीपेक्षा भीती वाटावी अशी गोष्ट दुसरीच आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळच्या कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. प्रवाह मंदावला आणि त्यात सांडपाणी मिसळलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे तडफडतात. हे आधी कुणाच्या लक्षात येतं? रोज सकाळी काठावर चालणाऱ्यांच्या! पाण्याचा रंग बदलला, वास आला, फेस दिसला, की पहिला फोन त्यांचाच जातो. समुद्र आपल्या जाण्या-न जाण्याने बदलत नाही. नदीला मात्र बघणारी माणसं लागतात. सुट्टीतल्या चार सकाळी तुम्हीही त्यांच्यात सामील व्हा.

निघण्यापूर्वी

* साडेपाचला बाहेर पडा, साडेसातच्या आत परत. नंतर ऊन सोडत नाही.
* चाला घाटावरून आणि रस्त्यावरून. सांगलीकडे पाण्याच्या कडेला बसू नका, पोहायला तर उतरूच नका.
* मगर बघायची असेल तर पुलावरून, दुर्बिणीतून. सेल्फीसाठी जवळ जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.
* निर्माल्य आणि प्लॅस्टिकची पिशवी नदीत नको.
* येताना साताऱ्यात कंदी पेढे, सांगलीत भडंग. वॉकच्या कॅलरीज कुठे गेल्या, ते विचारू नका!