नाकतोड्यासाठी भिंग

किडामुंगीची छायाचित्रे घेऊ इच्छिणारा गृहस्थ दुकानात प्रथम विचारतो, ‘हे भिंग वस्तू किती मोठी दाखवते?’ आमच्या मते पहिला प्रश्न हा नव्हे. खरे मॅक्रो भिंग ६० मिलिमीटरचे असो वा १०० चे, १ सेंटिमीटरचा किडा ते कॅमेऱ्यात बहुधा १ सेंटिमीटरचाच उमटवते. फरक पडतो तो अंतराचा. असे चित्र घेताना ६० च्या भिंगाचे तोंड किड्यापासून १० सेंटिमीटरच्या आत येते. १०० चे सुमारे १५ वर राहते.

सोलापुरी चादरीची वीण टिपायची तर पहिले पुरे. चादर काही उडून जात नाही. ५० च्या साध्या भिंगामागे तेवढ्याच लांबीची पोकळ नळी बसवली तरी भागते, आणि पैसे वाचतात. परंतु १९७९ पासून माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या माळावरला नाकतोडा एवढी सलगी खपवून घेत नाही. शिवाय इतक्या जवळून भिंगाची सावलीच त्याच्यावर पडते, आणि आपल्याकडच्या उन्हात ती केवढी गडद! तेथे आम्ही १०० चेच सुचवू. १८० चे आणखी दूर ठेवते खरे, पण ते जड. हात जरा हलला की चित्र पुसट. तिपाई वाहून नेण्याची तयारी असेल त्यानेच त्याच्या वाटेस जावे.