नौकेवरील क्षमतापट्टी : तिचा अर्थ आणि तिची मर्यादा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळाशाळांतून सहलींची तयारी सुरू होते. धरणांचे जलाशय, नदीकाठची देवस्थाने, खाडीपलीकडील किल्ले ही ठिकाणे मुलांच्या विशेष आवडीची. आणि यांपैकी पुष्कळ ठिकाणी नावेत बसण्याचा प्रसंग येतो. सहलीच्या पत्रकात खर्च, वाहन, भोजन व पालकांची संमती यांचा तपशील असतो. नावेत किती मुले बसवावयाची हे मात्र बहुधा काठावर उभे राहून, नावाड्याच्या शब्दावर ठरते.

ही गोष्ट किती महाग पडू शकते, हे आपण पाहिले आहे. दिनांक १३ जानेवारी २०१८ रोजी पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची नाव उलटून तीन विद्यार्थिनी बुडाल्या. दिनांक १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली व १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक मृत्यू पावले. दोन्ही वेळी नावेत प्रमाणाबाहेर माणसे घेतली होती. म्हणून नावेवर लिहिलेला क्षमतेचा आकडा कोठून येतो, तो कसा वाचावा, आणि नाव जुनी असेल तर त्या आकड्यावर कितपत विसंबावे, याचे विवरण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. या पट्टीचा उगम

मोठ्या जहाजांच्या बाजूला, जहाज किती खोल बुडू द्यावे हे दाखविणारी रेषा असते. ब्रिटिश पार्लमेंटचे एक सभासद सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी अतिभारित जहाजांविरुद्ध चळवळ केली, आणि १८७६ च्या कायद्याने अशी खूण करणे तेथे बंधनकारक झाले. लहान सहलीच्या नौकांना मात्र असे बंधन येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. अमेरिकेत १९७१ साली नौकासुरक्षेचा कायदा झाला व त्यान्वये १ नोव्हेंबर १९७२ पासून तयार होणाऱ्या, २० फुटांहून कमी लांबीच्या यांत्रिक नौकांवर क्षमतापट्टी लावणे कारखानदारास सक्तीचे झाले. शिडाच्या नौका, अरुंद वल्ह्यांच्या होड्या आणि हवा भरून फुगविण्याच्या होड्या यांना हा नियम लागू नाही.

येथे अमेरिकेतील पट्टीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. आपल्याकडे नावेच्या अंगावर ‘क्षमता इतके प्रवासी’ एवढेच रंगविलेले आढळते. त्या पट्टीवर मात्र आकड्यामागील हिशेब उलगडून दाखविलेला असतो. तो एकदा समजला म्हणजे कोणत्याही पाण्यावरील कोणत्याही नावेकडे डोळसपणे पाहता येते.

२. पट्टीवर काय लिहिलेले असते

नौका चालू करताना चालविणाऱ्याच्या सहज दृष्टीस पडेल अशा जागी ही पट्टी कायमची बसविलेली असते. नौकेच्या मागील बाजूस इंजिन टांगलेले असेल तर पट्टीवर तीन गोष्टी असतात. पहिली, जास्तीत जास्त किती माणसे, व त्यांचे एकूण वजन किती. दुसरी, माणसे, इंजिन व सामान मिळून एकूण भार किती. तिसरी, इंजिनाची कमाल अश्वशक्ती. इंजिन नौकेच्या आत पक्के बसविलेले असेल तर अश्वशक्तीचा आकडा नसतो.

माणसांच्या संख्येशेजारी वजन का लिहितात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संख्येचा हिशेब करताना दर माणशी सुमारे १४१ पौंड, म्हणजे साधारण ६४ किलो धरतात. पाच माणसांच्या नौकेत पाच धिप्पाड माणसे बसली तर संख्या बरोबर राहते, पण भार मर्यादेबाहेर जातो. म्हणून संख्या व वजन यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल तीच खरी मानावी. नावाडीही या संख्येत मोजला जातो.

यांखेरीज अनुरूपतेचे एक विधान असते. नौका प्रमाणित केली त्या दिवशी अमलात असलेल्या सुरक्षा-मानकांप्रमाणे ती आहे, असे कारखानदार त्यात जाहीर करतो. या विधानातील ‘त्या दिवशी’ हे शब्द जुन्या नौकेच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे होत. त्यांचा विचार पुढे केला आहे.

३. आकडा कसा काढतात

समजा, एका नौकेचे स्वतःचे वजन ३०० किलो आहे. तिच्या काठावरून पाणी आत येऊ लागेपर्यंत ती बुडविली तर ती एकंदर २,३०० किलो पाणी बाजूस सारते. आर्किमिडीजच्या सिद्धांताप्रमाणे ती आणखी २,००० किलो भार उचलू शकेल. पण मागे इंजिन टांगलेल्या नौकेसाठी अमेरिकेतील नियम असा की, या २,००० किलोंचा केवळ पाचवा हिस्सा, म्हणजे ४०० किलो, एवढाच भार पट्टीवर लिहावयाचा. त्यातून इंजिन, इंधन व सामान यांचे १२० किलो वजा केले तर माणसांसाठी २८० किलो उरतात. सत्तर किलोची चार माणसे बसली की मर्यादा संपली.

उरलेले चार हिस्से कोठे गेले, असे कोणी विचारील. ते वाया गेलेले नाहीत. स्तब्ध पाण्यात, मधोमध, न हलता ठेवलेल्या भाराचा हा हिशेब आहे. माणसे हलतात, वाकतात, एका बाजूस जमतात, लाटा येतात, नौका वळताना कलते. या सर्वांसाठी ती शिल्लक राखून ठेवलेली असते. शिवाय एका काठाच्या बाजूला भार सरकवीत नेऊन पाणी केव्हा आत येते हेही पाहतात. त्यातून निघणारा आकडा लहान असेल तर तोच माणसांसाठी ग्राह्य धरतात.

भार कोठे बसला, यास किती महत्त्व आहे हे शिकागो येथील ‘ईस्टलँड’ या सहलीच्या आगबोटीवरून दिसून आले. ही बोट लहान नौकांहून फार मोठी होती. पण तत्त्व एकच. तिला सुमारे अडीच हजार उतारूंचा परवाना होता. १९१२ मधील ‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर सुरक्षिततेसाठी तिच्यावर जादा जीवरक्षक होड्या चढविल्या गेल्या व तिचा वरचा भार वाढला. दिनांक २४ जुलै १९१५ रोजी कारखान्यातील कामगार व त्यांची कुटुंबे तिच्यातून सहलीस निघाली होती. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली आणि ८४४ माणसे मरण पावली. परवान्यावरील आकडा होता, किनाराही हाताच्या अंतरावर होता. तोल मात्र राहिला नव्हता.

४. जुन्या नौकेवरील पट्टी

पट्टी नौकेबरोबर म्हातारी होत नाही. तिच्यावरील अक्षरे तीस-चाळीस वर्षांनंतरही तीच राहतात. नौका मात्र तीच राहत नाही. म्हणून पुढील गोष्टी तपासाव्यात.

(अ) मानकांचा काळ : अमेरिकेत १ ऑगस्ट १९७८ पासून, मागे इंजिन टांगलेल्या लहान नौका पाण्याने भरल्या तरी आडव्या पातळीत तरंगत राहिल्या पाहिजेत असा नियम झाला. १९७४ ची नौका आणि १९८० ची नौका या दोघींवर अनुरूपतेचे विधान असू शकते, पण त्यांतील आश्वासन सारखे नाही. नौकेचे साल तिच्या मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेल्या बारा अक्षरी-अंकी ओळखक्रमांकावरून कळते.

(आ) तळातील भरण : नौका तरंगती राहावी म्हणून आत हलका स्पंजासारखा पदार्थ भरलेला असतो. भेगांतून पाणी शिरून तो वर्षानुवर्षे भिजत राहिला तर नौका जड होते व भरणाचा उपयोगही कमी होतो. नौका रिकामी असूनही पूर्वीपेक्षा खोल बसत असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा.

(इ) बदललेले इंजिन : जुने इंजिन काढून अधिक जड वा अधिक शक्तीचे बसविले असेल तर पट्टीवरील हिशेब मोडतो. जादा वजन मागील बाजूस पडते व तेथील काठ पाण्याजवळ येतो.

(ई) जोडकाम : मागाहून घातलेले छत, कठडे, वरची बैठक यांमुळे भार वाढतो व तो उंचावर जातो. ‘ईस्टलँड’चा धडा येथे आठवावा.

(उ) कुजलेले लाकूड : मागच्या फळीतील लाकूड रंगाखाली कुजलेले असू शकते. पट्टीवरील आकडा शाबूत नौकेचा आहे, जीर्ण नौकेचा नव्हे.

५. पट्टी नसेल तेव्हा

पट्टी नसलेल्या लहान नौकांसाठी अमेरिकेतील तटरक्षक दल एक सोपा आडाखा सुचविते. नौकेची लांबी व रुंदी फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्यास १५ ने भागावे. लांबी १८ फूट व रुंदी ६ फूट असेल तर १०८ भागिले १५, म्हणजे ७.२, अपूर्णांक सोडून सात माणसे. १६ फूट लांब व ५ फूट रुंद नौकेत पाच. हा आडाखा शांत पाणी व चांगली हवा यांसाठी आहे. वारा सुटला असेल तर संख्या याहून कमी करावी. हा आपल्याकडील कायदा नव्हे. पण नावाडी सांगेल ती संख्या याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर आपण सावध झाले पाहिजे.

६. आपल्या पाण्यावर

आपल्या देशात नद्या, जलाशय व इतर अंतर्गत जलमार्गांवरील नौकांना १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेला अंतर्देशीय जलवाहने अधिनियम, २०२१ लागू आहे. त्यान्वये यांत्रिक नौकेस तपासणीचे व नोंदणीचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. किनाऱ्यावर व खाड्यांतून प्रवासी वाहतुकीचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळ करते. सहलप्रमुखांनी नावेत चढण्यापूर्वी ही प्रमाणपत्रे पाहण्यास मागावीत, त्यांवरील तारीख व प्रवाशांची संख्या वाचावी, आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक नावेच्या अंगावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

‘मुले लहान आहेत, तीन मुले म्हणजे एक माणूस’ हा युक्तिवाद काठावर हमखास ऐकू येतो. वजनाच्या हिशेबात त्यात थोडे तथ्य असले, तरी मुले मोठ्यांहून अधिक हलतात, मासा वा बगळा दिसताच एका काठाशी धावतात. शिवाय प्रत्येक मुलास बसण्याची एक जागा व अंगावर बांधलेले एक जीवरक्षक जाकीट लागते. तीन मुलांत एक जाकीट वाटून घेता येत नाही. म्हणून डोकी मोजावीत. जाकिटे जितकी असतील त्याहून अधिक मुले कधीही चढवू नयेत. सर्वांना एकदम नेण्याचा आग्रह सोडून दोन किंवा तीन फेऱ्या कराव्यात, आणि प्रत्येक फेरीत एक व काठावर एक शिक्षक असावा.

७. वर्गात करावयाचा प्रयोग

सहलीपूर्वी एक तासिका या विषयास द्यावी. घमेल्यात पाणी घ्यावे व पत्र्याचे एक पसरट झाकण त्यावर तरंगत ठेवावे. सारख्या आकाराचे खडे एकेक करून मधोमध ठेवीत जावे व कितव्या खड्यास झाकण बुडते ते फळ्यावर लिहावे. नंतर तेच खडे एका कडेला ठेवून पुन्हा मोजावे. तिसऱ्या वेळी बोटांनी पाण्यात लहान लाटा उठवाव्यात. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले म्हणजे पाचव्या हिश्श्याचा नियम मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वरच्या इयत्तांतील मुलांकडून लांबी-रुंदीच्या आडाख्यावर दोन-चार उदाहरणेही सोडवून घ्यावीत.

काठावर नाव लागलेली असते, मुले उतावीळ झालेली असतात, नावाडी ‘काही होत नाही, गुरुजी’ असे म्हणत असतो, आणि पुढील ठिकाणी पोचण्यास उशीर होत असतो. अशा वेळी नकार देण्याचा अधिकार सहलप्रमुखाचा आहे आणि जबाबदारीही त्याचीच आहे. पट्टीवरील आकडा ही चांगल्या नौकेची, चांगल्या हवेतील शेवटची मर्यादा आहे. नाव जुनी असेल, वारा असेल, किंवा मनात शंका असेल, तर त्या आकड्याच्या बरेच अलीकडे थांबावे. आणि शंका फिटत नसेल तर मुलांना काठावरूनच जलाशय दाखवून परत आणावे.